एका वाक्यात एकच काम

"स्वयंपाकीण नवीन आहे. तिला भात लावायला सांगा," लॅपटॉपवरच्या बाईंनी इंग्रजीत फर्मावलं.

धम्मदीपा सावरून बसली. "टेक टू कप्स ऑफ राईस. वॉश इट ट्वाइस. सोक इट फॉर हाफ ॲन अवर." कुठे अडखळली नाही. वाशीमच्या शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या सपनाताईने आठ दिवस रिठदला माहेरी मुक्काम ठोकून हेच घोटून घेतलं होतं. "एका वाक्यात एकच काम सांगाचं. थोडं, जरासं बोलाचं नाही. समोरच्याले माप पाह्यजे," ताई बजावायची. शेवटी शेवटी तर गोठ्यातल्या म्हशीलाही धम्मदीपा इंग्रजीतच बाजूला सरकायला सांगू लागली, आणि म्हैस सरकायचीही.

पुण्याच्या एका कंपनीला हॉटेलांतल्या कामगारांना शिकवणारी मुलगी हवी होती. जागा ताईनेच शोधली, मुलाखतही तिनेच ठरवली. सगळं घर लग्नाचा घोशा लावून बसलेलं असताना एकटी ताई तिच्या बाजूने होती. ही नोकरी लागली की निदान दोन वर्षं तरी सुटका होणार होती.

"आता अंथरुणावरच्या आजारी माणसाची चादर बदलायला सांगा."

हॉटेलात आजारी माणूस कुठून आला, असं तिच्या मनात आलं. पण मुलाखतीत उलट विचारू नये, म्हणून तिने तेही सांगून टाकलं. आधी कुशीवर वळवा, मग खांदा धरा, मग चादर ओढा.

बाई खूश झाल्या आणि बाजूला बघून एकदम मराठीत बोलल्या, "आई, हे पोरगी सांगन तं बायांले लगेच समजन."

पडद्यावर दुसरा चेहरा आला. डोक्यावर पदर घेतलेली एक म्हातारी धम्मदीपाच्या खांद्यावरून मागे बघत हात जोडून म्हणाली, "जय भीम, ग्यानबाभाऊ. पोरगी पसंत हाय आमाले."

धम्मदीपाने वळून पाहिलं. मागे बाबा उभे होते, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून. "जय भीम," ते म्हणाले आणि त्यांनी तिची नजर टाळली.

"आमचा करण दिवसभर हापिसात," म्हातारी सांगत होती. "त्याचे बाबा अंथरुणावर. इकडं बंगलोरच्या कामवाल्या बायांले ना मराठी येत ना हिंदी, अन् मले इंग्रजी येत नाही. घर चालवाले अशीच सून पाह्यजे होती."

ताई दाराशी उभी होती. "पोरगा चांगला हाय, दीपा," ती हळूच म्हणाली. "सांगतलं असतं तं तू बसली नसती."

बाबांचं तिला फारसं काही वाटलं नाही. ते पहिल्यापासून लग्नाच्याच मागे होते, आणि ते उघड होतं. पण ताईने केसाने गळा कापला होता, तोही जवळ बसवून, आठ दिवस शिकवून शिकवून.

"तुमाले काही विचाराचं असन तं विचारा," पडद्यावरून मुलाखत घेणारी बाई, म्हणजे करणची बहीण, म्हणाली. "लाजू नका."

धम्मदीपा पुन्हा लॅपटॉपकडे वळली. या वेळी ती मराठीत बोलली, म्हातारीला आणि बाबांनाही समजावं म्हणून.

"आठवड्याची सुटी कोणत्या वारी भेटते?"