ताडपत्रीचं शीड

भिमाबाई दुपारी चारला गेल्या आणि सहाच्या सुमाराला नदी बेलवली गावातल्या त्यांच्या घरात शिरली. रस्ता बुडाला होता. स्मशान त्याच्याही आधी बुडालं होतं. हरिचंद्रने आईला चादरीत गुंडाळून मासेमारीच्या होडीत ठेवलं आणि नायलॉनच्या दोरीने फळीला बांधलं. शेतांच्या पलीकडे, उंचावर, त्याचा धाकटा भाऊ शिवराम राहत होता. फोन बंद पडण्याआधी त्याला कळवलं होतं. तिथवर पोचलं की आईला अग्नी देता येईल, एवढंच हरिचंद्रच्या डोक्यात होतं.

वारा पश्चिमेचा होता. त्याने बांबूला निळी ताडपत्री बांधून शीड केलं. त्याची बायको जनी लांब काठी घेऊन पुढे बसली. पाण्याखालची कुंपणं, बांध काठीने चाचपायचे आणि "डावीकडं" नाहीतर "हळू" म्हणायचं.

वाट अर्ध्या तासाची. पण मध्येच वारा पडला. ढग फाटले, चांदणं आलं. वीस वर्षं जिथे भात लावला ते शेत खाली कुठे गेलं, जनीला ओळखता येईना. मग उलटा वारा सुटला आणि पाऊस आडवा मारू लागला. शीड उतरवून त्यांनी होडी एका बाभळीच्या शेंड्याला बांधली. रात्रभर जनी डब्याने पाणी उपसत राहिली. मधूनच सासूच्या तोंडावरची चादर सारखी करायची. सासू सहा वर्षं अंथरुणाला खिळून होत्या; तिनेच त्यांना भरवलं होतं, पुसलं होतं. हात आपोआप तिकडे जात होते.

पहाटे वारा पुन्हा पश्चिमेकडून आला. शीड भरलं. नव्या टॉवरच्या साइटजवळून जाताना हाक ऐकू आली. मीटर रूमच्या स्लॅबवर तिथला वॉचमन आणि त्याची बायको उभी होती. पाणी त्यांच्या पोटऱ्यांना लागलं होतं.

"काका, घेता का आम्हाला?" वॉचमनने विचारलं. मग त्याला चादर दिसली. होडी चौघांची, आडव्या भिमाबाईंनी दोघांची जागा व्यापली होती. तो म्हणाला, "हिला एकटीला तरी घ्या. दाटीवाटीत मावेल. मी थांबतो."

"मी नाही जायची," बायको म्हणाली. तिने त्याचा शर्ट मुठीत धरला होता.

"आईला भावाकडं पोचवतो नि लगेच येतो," हरिचंद्र म्हणाला. "तासाभरात."

जनी त्या दोघांच्या पायांकडे बघत होती. बोलता बोलता पाणी गुडघ्यांपर्यंत आलं होतं.

"तासाभरानं इथं कोण नसंल," ती म्हणाली.

"जने, आई हाय ती माझी."

"माहीत हाय."

वॉचमनच्या बायकोने मान खाली घातली. हरिचंद्रचा हात आईला बांधलेल्या दोरीपर्यंत गेला आणि तिथेच राहिला.

"तुम्ही तिकडं तोंड करा," जनी म्हणाली.

त्याने तोंड फिरवलं. गाठ भिजून आवळली होती; तिने ती दातांनी सोडवली. मग रोज न्हाणीत न्यायला उचलायची तसं सासूला एकटीनेच उचललं आणि पाण्यात ठेवलं. हात काढून घ्यायला तिला वेळ लागला. चादर थोडी लांबवर दिसली, मग दिसेनाशी झाली. वॉचमन आणि त्याची बायको एकेक करून होडीत उतरली.

उजाडताना होडी शिवरामच्या घराखाली टेकली. शिवरामने छपराखाली कोरडी लाकडं काढून ठेवली होती. चार शेजारी येऊन बसले होते. तो पाण्यापर्यंत धावत आला. होडीतली माणसं त्याने एकदा बघितली, पुन्हा बघितली.

"दादा, आई कुठं हाय?"

जनी सांगायला पुढे सरकली. हरिचंद्र शीड सोडत होता. मघापासून त्याने तिच्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं.

"आई वाटंत उतरली," तो म्हणाला, आणि ओल्या ताडपत्रीची घडी घालू लागला.