सारवलेली भट्टी
त्र्याहत्तर साली भिवंडीजवळच्या रानात कॉलेजच्या सरांना लोखंड गाळायची जुनी मातीची भट्टी सापडली होती. पुण्याहून मोठे साहेब बघायला येणार म्हणून खोदकामावरच्या गुणाबाईनं सकाळीच निम्मी भट्टी शेणानं सारवली. पाहुण्यांना काय तशीच ओबडधोबड दाखवायची? "अहो बाई, हजारो वर्षांचा पुरावा शेणाखाली घातलात!" सरांनी कपाळाला हात लावला. गुणाबाई हिरमुसली. "येड्यावानी न्हाय सारवली, सर. तिनं जशी बोटं ओढली, तशीच मी ओढली." "तिनं? कुणी?" गुणाबाईनं उरलेली भिंत दाखवली. सर वाकले. भाजलेल्या मातीत चार बोटांचे फराटे होते. आठ दिवसांत त्यांना दिसलेच नव्हते. त्यांनी उजवा हात लावून पाहिला, वळण जुळेना. गुणाबाईनं डावा टेकवला. चपखल बसला. "डाव्या हातावरनं माझी सासू जन्मभर बोलली," ती भट्टीलाच म्हणाली. "तुझी बी बोलायची का गं?"