फालतू हालचाली

थेरपी केंद्रात चालायला शिकणारी अडीच वर्षांची सानू टाचा टेकवेना, त्या मंगळवारी दामोदरांना कळलं की शालनच्या हातांतलं काहीतरी पुसलं गेलंय.

त्यांची बायको शालन जाऊन दोन वर्षं झाली होती. पण मुलांना चालायला शिकवणाऱ्या तिच्या हातांची हालचाल तिथल्या हातमोज्यांत साठवलेली होती. मोजे घातले की कुणाचेही हात तिच्यासारखे चालत. दामोदर ते लांबून का होईना, बघायलाच जात.

"काका, मोजे बनवणाऱ्या कंपनीने ते साफ करून दिलेत," थेरपिस्ट ऋजुता म्हणाली. "फालतू हालचाली काढल्या म्हणे."

"फालतू? शालन आधी तळव्यावर अंगठा गोल फिरवायची, मग टाचेवर दोन टिचक्या. आमच्या लेकाला पायांवर घेऊन न्हाऊ घालायची ना, तेव्हाची सवय."

"मग तुम्हीच घाला मोजे. शिकवा त्यांना!"

दामोदरांनी मोजे घालून सानूचा डावा पाय हातात घेतला. अंगठा फिरवला, टिचक्या मारल्या. सानू खुदकन हसली आणि तिने डावी टाच टेकवली.

"आता उजवा. तिथं वेगळंच काहीतरी करायच्या ना शालनबाई?"

करायची खरी. पण लेकाचा डावा पाय चोळून होईपर्यंत बसची वेळ व्हायची आणि दामोदर कामावर निघत.

सानूची उजवी टाच अजून टेकायची आहे.