जुना झाडू

"पासवर्ड तुमच्यापाशीच आहे न, भाऊ," आचल म्हणाली आणि बाकावर निवांत बसली.

खुशालने दुसऱ्यांदा तिचं नाव टाकून पाहिलं. एरवी नावाचं पहिलं अक्षर टाकलं, की खालच्या चौकटीत काळे ठिपके आपोआप उमटायचे. आज चौकट कोरी होती. उद्या सकाळी नऊला वनरक्षकाच्या भरतीची परीक्षा, आणि प्रवेशपत्र त्या कोऱ्या चौकटीच्या पलीकडे.

कुरखेड्यातलं खुशालचं ऑनलाईन सेंटर म्हणजे आसपासच्या दहा गावांची तिजोरी. लोक आधार आणि फोटो घेऊन यायचे, पासवर्ड त्याच्यावर सोडून जायचे. तोही कागदावर कशाला लिहितो? कॉम्प्युटर विचारायचा, लक्षात ठेवू का? खुशाल म्हणायचा, ठेव बाबा. सहा वर्षं जुन्या ब्राउझरने सारं इमानेइतबारे लक्षात ठेवलं. फक्त तो हळू चालायचा, आणि समोरच्या अमरच्या सेंटरात पान चुटकीसरशी उघडतं अशी बोलवा झाली होती. चार गिऱ्हाइकं तिकडे वळली, तसा खुशालचा जीव खालीवर झाला.

परवाच त्याने नवा ब्राउझर टाकला. नव्याने आल्या आल्या विचारलं, जुन्यातलं सगळं इकडे आणायचं का? "नव्या घरात जुना झाडू नेत नसतात," असं म्हणत खुशालने मोठ्या ऐटीत 'नाही' दाबलं. तेवढ्यावर थांबला असता तरी निभावलं असतं. पण हौसेला मोल नसतं. जुना ब्राउझर त्याने पोटातल्या साऱ्या नोंदींसकट पुसून टाकला आणि दोन दिवस पानं भराभर उघडताना पाहून खुश होता.

"काऊन थांबले, भाऊ?"

"दुसरा पासवर्ड मागवून राह्यलो. मोबाइल कोणता देल्ला होता?"

"बाबाचा. तो त बंद पडला न. रिचार्ज नाई केला, त नंबरच गेला."

"ईमेल?"

"तुमीच त बनवून देल्ला होता."

त्या ईमेलचा पासवर्डही त्याच झाडूबरोबर गेला होता. खुशालने मग अंदाजाने टाकायला सुरुवात केली. तिचं गाव टाकलं. तिच्या बाबाचं नाव टाकलं. शेवटी जन्मसाल टाकलं, आणि पडद्यावर लाल अक्षरं आली. खातं बंद, चोवीस तासांनी पुन्हा प्रयत्न करा.

रोज पहाटे तो शटर वर करायचा तेव्हा आचल वडशाच्या रस्त्याने धावत परतत असायची. घामाने निथळलेली, पण हात वर करून "भाऊ!" म्हणायची. दोन वर्षांत तिचा एक दिवस चुकला नव्हता. खुशालला आपलीच शरम वाटली.

"आचल, मीच मिटवला तो," तो म्हणाला. "घाई केली. मले माफ कर."

ती पडद्याकडे पाहत राहिली.

"सकाळी मी येतो तुह्यासंग. सायबाच्या पाया पडतो."

"कागदाबिगर फाटकाच्या आत घेत नाईत. तुमीच सांगतलं होतं."

"मंग पुढच्या वेळेस..."

"पुढच्या वेळेस माहं वय नाई बसत, भाऊ."

हे त्याला ठाऊक होतं. तिचं जन्मसाल त्याने आत्ताच आपल्या हाताने टाकलं होतं.

आचल उठली नाही. घरी जाऊन काय सांगायचं, हे बहुधा तिला सुचत नव्हतं. तिच्या शेजारी मुखरू ढिवर मघापासून बसला होता. तळ्यात मासे धरणारा म्हातारा, मासेमारीच्या योजनेचा अर्ज भरायला आलेला. खुशालने खाली मान घालून त्याचा अर्ज भरला, पासवर्ड बनवला. कॉम्प्युटरने विचारलं, लक्षात ठेवू का?

खुशालचा हात थबकला. "बाबाजी, हा तुमाले कागदावर लिहून देतो. सांभाळून ठेवा."

"माह्या घरचे कागद उंदीर खाते," मुखरू हसला. "तुमच्यापाशीच राहू द्या न, भाऊ. तुमच्यापाशी आहे म्हंजे मले घोर नाई."



आचलने मांडीवरची फाइल उघडली. तिच्या अर्जाची छापील प्रत बाहेर काढली, कोरी बाजू वर केली आणि खुशालसमोर ठेवली.

"लिहूनच घ्या, बाबाजी," ती म्हणाली.