एसीची जाळी

एसीची जाळी धुण्याआधी ती पायरीवर आपटून धूळ झटकायची, ही मेकॅनिक दुर्गेशची जुनी सवय. तिरोड्याच्या मुन्नीबाईकडे भर दुपारी त्याने तेच केलं. पहिल्याच फटक्याला आतल्या खोलीत कोणीतरी कण्हलं.

जाळी त्यानेच तिथून काढून आणली होती. खोलीत रिकामा पलंग आणि मुन्नीबाईच्या नवऱ्याचा हार घातलेला फोटो, एवढंच होतं.

"काकू, आत कोन हाये?"

"कोनी नाई. तू मार."

दुसऱ्या फटक्यासरशी आत हाड मोडल्याचा आवाज झाला. जाळीतून धुळीऐवजी रक्त ठिबकलं. दुर्गेशचा हात वरच थिजला.

मुन्नीबाईने पदर खोचला आणि जाळी हिसकावून घेतली.

"काऊन थांबला गा? मले मारे तवा तो थांबे का?"