जात्याचा खुंटा

गळ्याच्या ऑपरेशननंतर मंजुळाबाईचा आवाज गेला तो गेलाच. बीबी गावात पुतणीच्या लग्नाची हळद दळायला बायका जात्याभोवती बसल्या, तेव्हा लेक जयमालानं हौसेनं फोनवर गाणं लावलं. जुन्या रेकॉर्डिंगवरून एआयनं आईचा आवाज हुबेहूब उचलला होता, नवरीच्या नावाच्या ओव्याही रचल्या होत्या. मंजुळाबाईचे डोळे भरून आले. खुंटा धरून बसलेल्या काकूंनी जातं मात्र फिरवलं नाही. “काऊन थांबल्या काकू?” जयमालानं विचारलं. “जिच्या हाती खुंटा, तिनंच ओवी म्हणावी. फोन खुंटा कसा धरन माय?” काकू म्हणाल्या. मंजुळाबाईनं गाणं बंद केलं, लेकीचा हात खुंट्यावर ठेवला आणि वरून आपला दाबला. “मले नाही जमत वं आई.” आईनं हात सोडला नाही. जातं घरघरलं, जयमालाचा आवाज अडखळत निघाला. सूर बिघडला, पण पिवळी हळद भुरभुर सांडली आणि मंजुळाबाईचे मुके ओठ लेकीमागं हलू लागले.