ठेव खाली

वजनं लावलेला बार महानंदाच्या मांड्यांपर्यंत आला. गुडघे सरळ झाले, खांदे मागे गेले. आता पंचाचा हात खाली येईपर्यंत नुसतं उभं राहायचं होतं. तेवढ्यात प्रेक्षकांच्या खुर्च्यांतून तिच्या नवऱ्याचा, पिराजीचा, आवाज आला.

“बास की! ठेव खाली!”

आणि तिने ठेवला.

तीन लाल दिवे लागले. खेप बाद.

पहिल्या खेपेलाही हेच झालं होतं. नव्वद किलो उचलायला ती कुठंच कमी पडली नव्हती. पण पंचाच्या खुणेआधी बार खाली गेला, तर उचललेलं धरत नाहीत. सकाळपासून स्पर्धेतले स्क्वॉट आणि बेंच हे दोन प्रकार तिने नीट पार पाडले होते. जमिनीवरून वजन उचलायच्या या डेडलिफ्टची आता एकच खेप उरली होती. तीही गेली, तर आधीचं सगळं पुसलं जाणार होतं.

तिला शिकवणारी संहिता धावत आली. मूळची पुण्याची, आता इथं बेंगळुरूत एचएसआर लेआउटमध्ये राहणारी, मुलीच्या वयाची पोर.

“अक्का, सिग्नलच्या आधी का ठेवताय? वेट तर इझी जातंय!”

“हे ओरडले.”

ओरडणं काही नवं नव्हतं. पानात वाढताना बास, फोनवर बोलताना बास, माहेरचं कुणी आलं आणि हसू जरा मोठं झालं की बास. तो शब्द तिच्या आधी तिचे हात ऐकायचे.

“मी काकांना बाहेर कॉफीला पाठवते. स्वल्प थांबा.”

“नको,” महानंदा म्हणाली. “इथनं घालवशील. घरातनं कुठं घालवू?”

तोवर पिराजी स्वतःच खुर्च्यांपुढच्या दोरीपाशी आला होता. हातात तिची पाण्याची बाटली, कपाळावर घाम. वजन जणू त्यानेच उचललं होतं.

“दोन महिने कंबर धरून पडली होतीस. उठवून कोण बसवत होतं? मीच की!”

“तुम्हीच.”

“मग? उचलू नको म्हणालो काय मी? उचललंस, सगळ्यांनी बघितलं. आता आणि धरून कशाला उभं राहायचं? ठेवायचं की लगेच.”

“कधी ठेवायचं ते तुम्ही नका सांगू.”

“मग कोण सांगणार?”

महानंदाने त्याच्या हातातली बाटली घेतली. घोटभर पाणी प्यायली आणि बाटली त्याच्या हातात परत दिली.

“अक्का, शेवटचं वजन सांगायचंय,” संहिता घाईने म्हणाली. “नव्वदच ठेवू ना?”

“पंच्याण्णव सांग.”

“अक्का, प्लीज. हे गेलं तर सगळं गेलं.”

“जाऊ दे. सांग जा.”

तिने हातांना खडू चोळला. नाव पुकारलं गेलं. ती बारपाशी गेली, वाकली, बोटं आवळली. पिंढऱ्या ताठ झाल्या. बार जमिनीला चिकटल्यासारखा राहिला, मग हलला. गुडघ्यांपाशी अडला. दातांवर दात ठेवून तिने कंबर पुढे रेटली आणि ती उभी राहिली.

“बास! महानंदा, बास की! ठेव!”

उजव्या हाताची बोटं सैल पडू लागली. तिने ती पुन्हा आवळली. मान वर केली आणि सरळ त्याच्याकडे पाहिलं. पिराजी उठून उभा होता, एक हात पुढे करून, जणू इतक्या लांबून तिला धरणार होता.

पंचाचा हात खाली आला. “डाउन!”

बार हातातच होता.

“डाउन, अम्मा,” पंच हसून म्हणाला. “झालं. आयतु.”

तिने ते ऐकलं होतं. मानेची शीर फुगली होती. नजर मात्र हलली नाही. पुढे केलेला हात पिराजीने मागे घेतला, चाचपडत खुर्ची शोधली आणि हळूहळू खाली बसला.

तो पुरता टेकल्यावर महानंदाने बार ठेवला.